उन्हापावसातील आसन : प्रस्तावना

लाकडाची एक साधी, पाठ टेकता येईल अशी, आणि बारमाही उघड्यावर राहिली तरी चार-दोन पावसाळ्यांत मोडकळीस येणार नाही अशी खुर्ची गृहस्थाने आपल्या अंगणात, आपल्या हातांनी आणि मोजक्या हत्यारांनिशी तयार करावी, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. विषय लहान आहे हे मला मान्य आहे; परंतु तो क्षुल्लक आहे असे मला वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना काहीशा विस्ताराने लिहीत आहे. घरात वापरावयाच्या लाकडी सामानाविषयी आपल्याकडे पुष्कळ जाण आहे. देव्हारा, पाट, पाळणा, झोपाळा, पलंग या वस्तू कशा असाव्यात हे सुतारालाही ठाऊक असते आणि ते काम सांगणाऱ्या यजमानालाही. उघड्यावरच्या बैठकीचा मात्र, ज्या मुलखात वर्षातील बहुतेक संध्याकाळी माणसे घराबाहेरच बसतात त्या मुलखातही, आपण फारसा विचार केलेला दिसत नाही. चैत्र-वैशाखात आमच्या खानदेशातील शहाद्याच्या एखाद्या जुन्या गल्लीतून रात्री फेरी मारावी, म्हणजे ओट्यावर, अंगणात, प्रसंगी रस्त्याच्या कडेलाही टाकलेल्या बाजा दिसतात आणि त्यांच्या भोवती प्लास्टिकच्या खुर्च्या दिसतात. बाज ही निजण्याची वस्तू आहे. म्हाताऱ्या माणसाला तीवर पाठ टेकून बसता येत नाही. प्लास्टिकची खुर्ची हलकी व स्वस्त खरी, पण उन्हातील अतिनील किरणांनी तिचे द्रव्य हळूहळू ठिसूळ होत जाते, रंग फिकटतो, आणि एखाद्या दिवशी माणूस बसलेला असतानाच तिचा पाय मोडतो. मोडलेला पाय दुरुस्त करण्याचा मार्ग कोणापाशीही नसतो. म्हणजे उघड्यावर ठेवण्यासाठी जी वस्तू आपण घेतो, तिलाच उघड्यावर राहणे सोसत नाही.

तेव्हा सोसेल अशी वस्तू कोणती, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी शहादेकराला फार दूर जावयास नको. येथून पश्चिमेस, सातपुड्याच्या पायथ्याच्या वाटेवर तळोदा हा तालुक्याचा गाव आहे. ब्रिटिश अमदानीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रसिद्ध झालेल्या ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्ये तळोद्याची जी मोजकी माहिती आहे, तीत हा गाव खानदेशातील इमारती लाकडाची मुख्य पेठ असल्याचे सांगून, रोशा गवताच्या तेलाचा आणि धान्याचा व्यापार नमूद करून, पुढे असे म्हटले आहे की खानदेशातील उत्तम बैलगाड्या येथे तयार होतात आणि एका गाडीची किंमत सुमारे ४० रुपये पडते. सरकारी दफ्तरातील ही एवढीशी नोंद मला फार मोलाची वाटते. त्या काळी ४० रुपये ही काही लहानसहान रक्कम नव्हती. एवढे मोल देऊन कुणबी जी वस्तू घेई, ती तो छपराखाली झाकून ठेवण्यासाठी घेत नसे. ती उन्हात तापावयाची, पावसात भिजावयाची, चिखलात रुतावयाची, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे जुंपावयाची असे. सातपुड्याच्या उतारावर वाढलेले लाकूड, ते ओळखणारा सुतार, आणि त्या लाकडाकडून ऊनपाऊस न चुकविता काम घेणारा शेतकरी, ही तिन्ही येथे एकाच पट्ट्यात नांदत होती.

या पुस्तिकेचे सारे प्रतिपादन एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे, की अंगणातील खुर्ची ही दिवाणखान्यातील खुर्चीच्या कुळातली नसून बैलगाडीच्या कुळातली आहे. दिवाणखान्यासाठी काम करणारा सुतार सांधे लपवितो, पृष्ठभाग आरशासारखा करतो, फळीला फळी अशी भिडवितो की मधून कागद जाऊ नये. छपराखाली ते शोभते. तीच खुर्ची तशीच उचलून अंगणात ठेविली, तर लपविलेल्या सांध्यात पाणी शिरून तेथेच मुरते, भिडविलेल्या फळ्या फुगून एकमेकींना ढकलतात, आणि दोन वर्षांत ती लटपटू लागते. गाडी करणाऱ्याची रीत याच्या नेमकी उलट आहे. गाडीच्या तळाच्या फळ्यांत तो फट ठेवितो, म्हणून पाणी साचत नाही. कूस भोकातून आरपार बाहेर काढितो, म्हणून आत शिरलेले पाणी दुसऱ्या बाजूने निघून जाते व सांधा सैल झाला तर बाहेरूनच पाचर ठोकता येते. आणि प्रत्येक भाग असा बसवितो की तो एकटा काढून त्याजागी दुसरा घालता यावा. आख मोडला म्हणून कोणी गाडी टाकून देत नाही.

लाकूड हे निर्जीव झाल्यावरही हवेशी देवघेव करीत राहते, ही गोष्ट गाडीचे चाक जितक्या स्पष्टपणे शिकविते तितकी कोणतेही पाठ्यपुस्तक शिकवीत नाही. तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांवर जोडलेला लाकडी घेर, आणि त्या सर्वांवर लोखंडी धाव, अशी चाकाची रचना असते. धाव घेरापेक्षा किंचित लहान करून, लाल होईपर्यंत तापवून, प्रसरण पावलेली असताना चाकावर चढवितात आणि लागलीच पाणी ओततात. थंड होताना ती आकसते व साऱ्या चाकाला आवळून धरते. परंतु वैशाखात खानदेशची हवा इतकी कोरडी होते की घेराचे लाकूड आटते आणि घट्ट बसलेली धाव खडखडू लागते. तेव्हा जाणता गाडीवान नदी ओलांडताना गाडी पाण्यातच थोडा वेळ उभी करितो. गोमाईच्या आणि तापीच्या उतारांवर पूर्वी हे दृश्य नेहमीचे असे. लाकूड पाणी पिऊन फुगते, धाव पुन्हा आवळली जाते. लोहाराकडे न जाता झालेली ही दुरुस्ती ज्याने नीट ध्यानात घेतली, त्याला खुर्चीच्या बैठकीत फट का ठेवावयाची हे निराळे सांगावे लागत नाही.

तरीही आकडे दिलेले बरे, कारण फट किती ठेवावयाची हे केवळ समजुतीने ठरत नाही. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आटतच नाही. ते आटते ते रुंदीत. त्यातही खोडाच्या वलयांना समांतर असलेल्या दिशेने ते जितके आटते, त्याच्या निम्म्याच्या आसपास केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आटते. सागाचे पाहिले तर ओल्या स्थितीपासून पूर्ण सुकेपर्यंत पहिल्या दिशेने सुमारे ५ टक्के आणि दुसऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के आकुंचन होते, आणि हे प्रमाण इमारती लाकडांत अल्प समजले जाते. आता वैशाख ते श्रावण या अवधीत अंगणातील लाकडाच्या अंगचा ओलावा शेकडा १० ने वाढला असे धरले, तर अडीच इंच रुंदीची सागाची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर फुगेल. पण त्याच बैठकीसाठी २० इंच रुंदीची सलग फळी वापरली, तर ती सुमारे ९ मिलिमीटर फुगू पाहील. दोन्ही कडांना खिळलेली फळी फुगावयास जागा नसली म्हणजे कमान होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात आटावयास मोकळीक नसली म्हणजे मधोमध तडकते. रुंद फळी श्रीमंतीची खूण म्हणून घरात मिरवावी; अंगणात अरुंद पट्ट्याच शहाणपणाच्या. या खुर्चीत अडीच इंची पट्ट्या आणि दोन पट्ट्यांमध्ये करंगळी सहज जाईल एवढी फट ठेविली आहे, ती हवेसाठी आहे तशीच पाण्यासाठी आणि पानकचऱ्यासाठीही आहे.

कोणते लाकूड घ्यावे, याविषयी मात्र मी थोडा रेंगाळणार आहे, कारण निम्मे यशापयश तेथेच ठरते. साग हा या कामाचा राजा, यात वाद नाही. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यातील काही द्रव्ये उधईला व बुरशीला रुचत नाहीत. तो हत्याराला मऊ लागतो आणि तरी वजन पेलतो. एका घनफुटाचे वजन सुमारे १८ किलो भरते, म्हणजे खुर्ची वाऱ्याने उलथत नाही आणि ती हलवावयास दोन माणसेही लागत नाहीत. पण हे सारे गुण गाभ्याचे आहेत. सालीलगतचे जे पांढुरके लाकूड असते त्यात यांतले काहीच नसते. उधई त्याला आनंदाने खाते. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग अधिक असतो, आणि वखारीत पिवळसर रंग देऊन ठेविलेल्या फळीत तो ओळखू येत नाही, म्हणून टोकाचा ताजा छेद पाहिल्यावाचून फळी उचलू नये. बाभळीचे लाकूड सागाहून कठीण; गाडीच्या चाकांना खानदेशात तेच लागे. ते पुरते वाळल्यावर रंध्याला दाद देत नाही, म्हणून हिरवे असतानाच कापून, सावलीत वाळवून मग कामास घेतात. आणि त्यातील कषाय द्रव्याचा लोखंडाशी संयोग झाला की खिळ्याभोवती काळे डाग पडतात, यासाठी पितळी किंवा न गंजणारे स्क्रू वापरावेत. कडुनिंब सर्वत्र मिळतो, किडीला दाद देत नाही, परंतु त्याचे तंतू उलटसुलट गेलेले असल्यामुळे रंधा मारताना पृष्ठभाग उचकटतो. पायांना तो चालेल, पट्ट्यांना नको. अंजन हा खानदेशचा खास वृक्ष, आणि त्याचे लाकूड इतके जड की पाण्यात टाकले तर तळाशी जाते. शतकभर टिकेल, पण घरगुती करवतीने त्याच्या वाटेस जाऊ नये. नीलगिरी वाळताना पिळवटते. आंब्याची फळी स्वस्त म्हणून मोह पडतो. एका पावसाळ्यानंतर तीत भुंगा व बुरशी दोन्ही शिरतात.

सागाचा राजमान्यपणा दुसऱ्याही अर्थाने खरा आहे. सातपुड्यातील जंगलाचा बंदोबस्त एकोणिसाव्या शतकात सरकारने हाती घेतला, त्यानंतर डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भिल्ल व पावरा लोकांना स्वतःच्या घराचा खांब आणण्यासाठीही खात्याच्या मर्जीकडे पाहावे लागले. तो इतिहास दुःखाचा आहे आणि त्याचे सर्व हिशेब अद्याप चुकते झालेले नाहीत. आज शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावर उभा असलेला सागही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या परिशिष्टात असल्यामुळे परवानगीवाचून तोडता येत नाही. मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, अंजन, तिवस, हळदू हे वृक्षही त्याच परिशिष्टात आहेत. तोडलेले लाकूड एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावयाचे तर वन अधिनियमाखालील वाहतूक परवाना लागतो. वाचकाने वखारीतून लाकूड घेताना पावती मागून घ्यावी, आणि रात्री दाराशी येऊन स्वस्तात सागाच्या पाट्या देऊ करणाऱ्या माणसाला नकार द्यावा. तो माणूस बहुधा फार गरीब असतो आणि पकडला गेला म्हणजे शिक्षा त्यालाच होते. लाकूड विकत घेणारा नामानिराळा राहतो. अशा लाकडाच्या खुर्चीवर स्वस्थ मनाने बसता येईल असे मला वाटत नाही.

परंतु परवान्याची आणि वखारीची पायरी न चढताही उत्तम साग मिळण्याचा एक मार्ग आपल्या मुलखात आहे, आणि तोच या पुस्तिकेने प्रथम सुचविला आहे. शहाद्यात आणि भोवतालच्या गावांत जुनी धाब्याची घरे होती. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचा आणि वर मातीचा जाड थर, अशी ती घरे वैशाखातही गार राहत. ती आता झपाट्याने पाडली जात आहेत आणि त्यांच्या जागी सिमेंटच्या गच्च्या उभ्या राहत आहेत. पाडलेल्या घराचे दरवाजे व कोरीव खांब शहरांतले हौशी लोक चढ्या दराने नेतात. पण कड्यांचे तुकडे, फुटक्या चौकटी, अर्धवट कुजलेल्या तुळयांचे सुके भाग, हे पुष्कळदा जळणात जातात. खरोखर पाहता हे लाकूड नव्या लाकडाहून अधिक विश्वासाचे असते. साठ-सत्तर वर्षे ते छपराखाली वाळलेले असते, जे पिळवटावयाचे ते पिळवटून झालेले असते, आणि ज्याला उधई लागावयाची त्याला ती लागून गेलेली असते. जे उरले ते कसोटीला उतरलेले. एका खुर्चीला सुमारे पाऊण घनफूट लाकूड लागते, काटछाट धरून एक घनफूट. सहा-सात फुटांची एखादी तुळई घरच्या मांडवाखाली पडून असेल, तर तीत दोन खुर्च्या सहज निघतात.

आता आकृतीविषयी. जगात उघड्यावरच्या खुर्च्यांचे जे नमुने नावारूपास आले त्यांत अमेरिकेतील एक नमुना फार प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्क राज्यात वेस्टपोर्ट नावाच्या गावी थॉमस ली या गृहस्थांनी १९०३ साली आपल्या उन्हाळी घरासाठी, घरच्या मंडळींना बसवून पाहत, रुंद हातांची, मागे कललेली, सरळसोट फळ्यांची एक खुर्ची सिद्ध केली. एकाच फळीतून तिचे ११ तुकडे निघत असे सांगतात. गावातल्या हॅरी बनेल नावाच्या सुताराला त्यांनी ती दाखविली, आणि बनेल यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट आपल्या नावे मिळविले. ली यांना त्यातून काही प्राप्ती झाल्याचे दिसत नाही. हा नमुना देखणा आहे, तो करावयासही सोपा आहे; तथापि मी तो जसाच्या तसा स्वीकारण्याच्या विरुद्ध आहे. त्याची बैठक फार खाली व फार कलती असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीतून आधाराशिवाय उठता येत नाही, आणि आपल्याकडे अंगणात बसणारांत निम्मी माणसे त्याच वयाची असतात. म्हणून येथे बैठकीची पुढची कड जमिनीपासून १६ इंच उंच आणि मागची १४ इंच ठेविली आहे. हा दोन इंचांचा उतार अंगाला विसावा देण्यास पुरतो आणि पावसाचे पाणी मागे ओघळून जाण्यासही पुरतो. बैठकीची खोली १८ इंच, रुंदी २०. पाठ बैठकीशी काटकोनाहून दहा-बारा अंशांनी अधिक उघडलेली. हात बैठकीपासून ८ इंच वर आणि चार इंच रुंद, कारण त्यावर चहाची बशी ठेवता आली पाहिजे आणि उठताना तळवा पूर्ण टेकता आला पाहिजे. ही मापे शास्त्रवचने नव्हेत. घरातील ज्या माणसासाठी खुर्ची करावयाची त्याला प्रथम भिंतीशी विटांच्या थरांवर बसवावे, टाच जमिनीवर सपाट टेकते की नाही हे पाहावे, आणि त्याप्रमाणे पायांची उंची कमीजास्त करावी. एवढा विचार कोणत्याही दुकानातील खुर्चीने आपल्या माणसासाठी केलेला नसतो.

दुसरे नाव घ्यावयाचे ते इटलीतील एन्झो मारी यांचे. १९७४ साली त्यांनी साध्या फळ्या आणि खिळे यांनी करता येतील अशा मेजाखुर्च्यांचे आराखडे प्रसिद्ध केले आणि टपालहशील पाठविणाऱ्या कोणालाही ते पाठविण्याची तयारी दर्शविली. स्वस्त सामान लोकांना मिळवून द्यावे हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. मनुष्याने एकदा स्वतः खुर्ची केली, म्हणजे बाजारातील खुर्चीकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते, कोठे कारागिरी आहे आणि कोठे केवळ लुकण व रंग आहे हे त्याला कळू लागते, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते मला पूर्णपणे पटते. आपल्या खानदेशातही १९३६ साली फैजपूरला खेड्यातील पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून त्या नगराची सजावट उभी केली होती. जवळच्या वस्तूंत सौंदर्य आहे, ते पाहण्यास शिकले पाहिजे, हा संस्कार या भूमीवर एकदा झालेला आहे.

खुर्चीचा विषय काढला की अधिकाराचा विषय टाळता येत नाही. आपल्या मनात खुर्ची म्हटले की अद्याप कचेरी उभी राहते: मामलेदार खुर्चीवर आणि रयत हात जोडून उभी. इंग्रजी राज्यात उत्तर हिंदुस्थानात तर साहेबाच्या समोर खुर्चीवर बसण्याचा मान ‘कुर्सीनशीन’ नावाच्या लेखी दाखल्याने दिला जाई, आणि तो दाखला मिळालेली घराणी तो जपून ठेवीत. गावपातळीवर दाखल्याची गरज नव्हती. मालक बाजेवर आणि सालदार जमिनीवर, ही व्यवस्था न सांगता पाळली जाई. याच शहादे तालुक्यात १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासी शेतमजुरांच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी व त्यांच्या मजुरीसाठी जो लढा उभारला, त्याने येथील समाजजीवनातील कितीतरी गोष्टी हलविल्या. कोणी कोठे बसावे ही त्यांतली एक. मी हे येथे लिहितो, कारण या पुस्तिकेत एका खुर्चीचे नव्हे तर दोन अगदी सारख्या खुर्च्यांचे माप दिले आहे. एकाच वेळी दोन्हींचे तुकडे कापल्याने श्रम व लाकूड वाचते हा त्याचा व्यावहारिक लाभ आहेच. पण अंगणात एकच खुर्ची असली म्हणजे ती घरधन्याची होते. दोन असल्या म्हणजे दाराशी आलेल्या माणसाला, मग तो कोणीही असो, समोर समान उंचीवर बसविता येते.

गृहस्थाने स्वतः सुतारकाम करावे असे म्हटल्याने सुताराच्या पोटावर पाय येतो, अशी एक हरकत घेतली जाईल. माझा अनुभव उलट आहे. बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान मोठे होते. नांगर, पाभर, गाडी, घराचा खांब, लग्नाचा पाट, सर्व त्याच्या हातून होई आणि सुगीत खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. बलुते गेले, लाकडी नांगर गेला, गाडीला रबरी चाके आली, मग ट्रॅक्टर आला. आणि जो सुतार उरला तो प्लायवुडला लॅमिनेट चिकटविणारा मिस्तरी झाला, कारण गिऱ्हाईक त्याच्याकडून तेवढेच मागते. ज्या गिऱ्हाइकाने कधी स्वतः कूस कापून भोकात बसविली नाही, त्याला चांगल्या कामाचे मोल द्यावे असे कशाने वाटावे? ज्याने एकदा ती बसविली, तो सुताराच्या मजुरीवर घासाघीस करीत नाही. म्हणून माझी आग्रहाची शिफारस आहे, की पहिल्या खुर्चीच्या आरंभी वाचकाने गावातील एखाद्या वृद्ध सुताराची अर्ध्या दिवसाची रीतसर मजुरी देऊन त्याला घरी बोलवावे आणि करवतीला धार कशी करावी, रंध्याचे पाते किती बाहेर ठेवावे, आणि लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने वाहतात हे कसे ओळखावे, या तीन गोष्टी त्याच्यापुढे बसून शिकाव्या. पुस्तकातून त्या येत नाहीत. या पुस्तिकेनेही तसा दावा केलेला नाही.

हत्यारे थोडी पुरतात: करवत, रंधा, पाऊण इंची पटाशी, मोगरी, गुण्या, गिरमिट किंवा विजेचे ड्रिल, आणि दोन शिकंजे. विजेच्या हत्यारांना माझा विरोध नाही. भोके पाडताना ती मनगटाचे कष्ट वाचवितात. कापण्यासाठी मात्र नवख्याने हातकरवतच धरावी, कारण तिची चूक हळू होते आणि थांबविता येते.

रंगरोगणाविषयी लोकांचा उत्साह फार असतो आणि बहुधा अनाठायी असतो. जाड ऑइलपेंट किंवा चकचकीत वॉर्निश उघड्यावरच्या लाकडावर टिकत नाही: लाकूड फुगते-आटते, वरचा थर तसे करू शकत नाही, त्याला बारीक भेगा पडतात, भेगांतून पाणी आत जाते आणि थराखाली अडकून राहते. सागाला काहीच न लावता सोडले तर वर्षभरात तो करडा, रुपेरी होतो. तो रंग कुजण्याचा नव्हे, केवळ पृष्ठभागाचा आहे, आणि मला तो सुंदर वाटतो. ज्यांना मूळचा तपकिरी रंग हवा त्यांनी दसऱ्यानंतर, लाकूड कोरडे झाल्यावर, जवसाचे उकळलेले तेल फडक्याने पातळ चोळावे आणि तेलाचे फडके उन्हात मोकळे पसरून वाळवावे; चुरगळून कोपऱ्यात टाकलेले असे फडके आपोआप पेट घेऊ शकते. खरी काळजी घ्यावयाची ती पायांच्या तळाची. लाकडाच्या टोकाचा छेद म्हणजे अगणित नळ्यांची उघडी तोंडे, आणि जमिनीतील ओल तेथूनच वर चढते. उधईही तेथूनच येते. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा ठेविला आणि पायाच्या छेदावर तेल मुरेपर्यंत दोन-तीनदा पाजले, तर खुर्चीचे आयुष्य दुपटीने वाढते. त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि तरीही बहुतेक लोक एवढेच करावयाचे विसरतात.

पुस्तिकेतील मापे इंचांत दिली आहेत, कारण वखारीत आणि सुताराच्या तोंडी अद्याप इंच व फूटच चालतात. स्क्रू व बोल्ट यांची मापे तेवढी मिलिमीटरमध्ये आहेत, कारण दुकानात ती तशीच मागावी लागतात. आकृत्या क्रमाने पाहाव्यात; पाठीच्या पट्ट्यांची आकृती शेवटी आहे, कारण तो भाग बैठक बसवून, घरातील माणसाला तीवर बसवून, मगच कापावयाचा आहे. पहिली खुर्ची नव्या सागाची करू नये. जुन्या घराचे लाकूड मिळवावे, आणि त्याला करवत किंवा रंधा लावण्यापूर्वी हाताने चाचपून, पटाशीने उकरून, त्यातील प्रत्येक जुना खिळा काढून घ्यावा.